जंगलात लिफ्ट नसते

"सर्व रहिवाशांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी आपल्या इमारतीची लिफ्ट उत्तम स्थितीत असूनही काही व्यक्तींसाठी बंद राहील. त्या व्यक्ती कोण, हे त्या व्यक्तींना माहीत आहे."

मुलुंडच्या आमच्या सात मजली इमारतीत दर एप्रिलमध्ये खालच्या फळ्यावर ही सूचना लागते आणि माझ्यासारखा निरुपद्रवी गृहस्थ जिन्याच्या पायऱ्या मोजायला लागतो. सूचनेखाली सही नसते. ते ठसठशीत, डावीकडे कललेलं अक्षर दुसऱ्या मजल्यावरच्या नलूताईंचं आहे, हे नवीन भाडेकरूलासुद्धा आठवड्याभरात कळतं.

नलूताईंची नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. लग्न केलं नाही. का, असं कोणी विचारलंच, तर "दुसऱ्यांचे कॉल जोडता जोडता राहून गेलं" एवढंच सांगतात. बोलणं अजूनही ट्रंक कॉलच्या दरानं. आपण उकाड्याबद्दल दोन वाक्यं बोललो की त्या "मुद्दा?" म्हणतात आणि आपल्याला मुद्दाच नव्हता हे आपल्याला पहिल्यांदा कळतं.

या बाईंनी निवृत्त झाल्यावर आमची इमारत बिघडवली. निम्मी इमारत कोकणातली. मे महिना म्हणजे गाव, फणस आणि भावकीची भांडणं, हे आमचं ठरलेलं. नलूताई स्वतः मालवणकडच्या, पण त्यांनी आम्हा आठ-दहा जणांना गोळा करून दर मे महिन्यात कुठल्या ना कुठल्या राष्ट्रीय उद्यानात न्यायला सुरुवात केली. जीपमधून वाघ बघायला नव्हे. पाठीवर सॅक, पायी वाट आणि मुक्कामाला तंबू. तिसऱ्या मजल्यावरच्या दिघ्यांनी पहिल्या वर्षी कुरकुर केली की गावचे आंबे चुकतील. नलूताई रागावल्या की त्यांची मालवणी बाहेर येते. म्हणाल्या, "आंबे फुडल्या वर्षी पण येतले. तुमचे गुडघे येतले काय?"

दिघे निमूटपणे बूट घ्यायला गेले.

बेत संक्रांतीला सुरू होतो. "तिळगूळ घ्या, जिना चढा," असं म्हणून त्या वडी हातावर ठेवतात. मग जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला जातो. एका कोपऱ्यावर लोणच्याची बरणी, दुसऱ्यावर आमसुलांची, उरलेल्या दोन कोपऱ्यांवर आमचे हात. वनखात्याची परवानगी, वाटाड्या, पाणी कुठे मिळेल, तंबू कुठे ठोकू देतात, सगळं त्या फोनवरून ठरवतात. समोरच्या माणसाला मधेच तोडून योग्य माणसाकडून योग्य उत्तर काढण्यात त्यांची हयात गेली आहे.

आणि एप्रिलमध्ये परीक्षा. प्रवासाला भरलेली सॅक पाठीवर घेऊन तळमजल्यापासून गच्चीपर्यंत जिन्यानं चढायचं. वाटेत थांबा, कठड्याला टेका, देवाचं नाव घ्या, पण सॅक खाली ठेवली की तुम्ही बाद. त्या वर्षी तुम्ही खुशाल गावी जावं. "ज्याचं ओझं, त्याचा खांदा," हा नियम. एकदा मी चौथ्या मजल्यावर गयावया केली, तर वरून आवाज आला, "सुधीर, जंगलात लिफ्ट नसते. थंय काय वाघ तुझी सॅक धरूक उभो रवतलो?"

त्यामुळे परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी घरोघरी एकच उद्योग चाले. हे काढ, ते घरी ठेव. दिघे तर हलक्या सॅकसाठी प्रसिद्ध. "मला थंडी वाजत नाही," असं सांगत ते स्वेटर कपाटात परत ठेवत. पुढे कर्नाटकातल्या एका डोंगरावर संध्याकाळी धुकं उतरलं आणि दिघ्यांचे दात वाजायला लागले, तेव्हा नलूताईंनी आपल्या सॅकमधून एक जाड स्वेटर काढून त्यांच्या अंगावर टाकला. "चुकून आलाय वाटतं," म्हणाल्या. माझी बायको वैशाली पित्ताच्या गोळ्या विसरली, तेव्हा गोळ्याही नलूताईंच्या सॅकमध्ये चुकूनच आलेल्या निघाल्या. माझ्यासाठी टॉर्चही. इतक्या काटेकोर बाईच्या हातून सामान भरताना इतक्या चुका कशा होतात, याचं मला नवल वाटायचं, पण जंगलात फुकट मिळालेल्या टॉर्चला कोण प्रश्न विचारतो?

या वर्षीचा बेत हिमाचलचा होता. बर्फाचे डोंगर दिसतील असं राष्ट्रीय उद्यान. नलूताईंनी बर्फ फक्त रसवंतीवर पाहिला होता. हा बेत त्यांनी कितीतरी वर्षं मागे ठेवला होता. आधी आमचे पाय तयार व्हायला हवेत म्हणून. आणि नेमक्या या थंडीत त्या न्यूमोनियानं हॉस्पिटलात जाऊन पडल्या. नकाशा तिथल्या पलंगावर पसरला गेला. एप्रिलमध्ये डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आता चालायला हरकत नाही. आम्ही पेढे आणले. त्यांनी एक उचलला आणि म्हणाल्या, "डॉक्टरनं पास करून काय उपयोग? जिन्यानं करायला हवं."

रविवारी आम्ही सगळे धापा टाकत का होईना, गच्चीवर पोचलो आणि परत खाली आलो. शेवटी त्या निघाल्या. मी दोन पायऱ्या मागे. तिसऱ्या मजल्यापर्यंत ठीक होतं. चौथ्यावर त्यांनी कठडा धरला, बराच वेळ उभ्या राहिल्या. मग अगदी हळूच, झोपलेलं मूल ठेवावं तशी, सॅक खाली ठेवली.

"मी बाद," त्या म्हणाल्या.

"ताई, आजारातून उठलाय तुम्ही. यंदा नियम—"

"सुधीर. मुद्दा संपला. परवानगीचे कागद वैशालीकडे देते. तुम्ही जाऊन या." आणि रिकाम्या पाठीनं जिना उतरायला लागल्या. त्यांच्याशिवाय बर्फ बघायला जाण्याची कल्पना मला अजिबात सोसेना. ती सॅक मी उचलली आणि कळवळलो. माझ्या सॅकच्या दुप्पट भरेल.

खाली आल्यावर मी सगळ्यांसमोर तिची चेन ओढली.

"दुसऱ्याची सॅक उघडू नये," नलूताई घाईनं म्हणाल्या.

आत सगळ्यात वर दिघ्यांचा स्वेटर. दिघ्यांच्या बायकोनं तो नेहमीप्रमाणे गुपचूप आणून दिला होता. त्याखाली वैशालीच्या गोळ्या, माझ्या मापाचे लोकरीचे मोजे, टॉर्च, कोणाची कानटोपी, कोणाचा रेनकोट. आम्ही हलकं होण्यासाठी वगळलेलं एकूण एक ओझं तिथे शिस्तीत घडी घालून बसलं होतं. नलूताईंचं स्वतःचं सामान तळाशी, एका बारक्या पिशवीत.

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला होता.

"चुकून आलं असेल," त्या पुटपुटल्या.

वैशालीनं गोळ्या उचलून आपल्या सॅकमध्ये टाकल्या आणि म्हणाली, "ताई, नियम काय आहे? ज्याचं ओझं, त्याचा खांदा. हे तुमचं ओझं नव्हतंच. म्हणजे तुमची परीक्षा अजून झालेलीच नाही."

नलूताईंनी विचार केला. "मुद्दा बरोबर आहे," म्हणाल्या.

चहा झाला. ज्यानं त्यानं आपापलं उचललं. नलूताई पुन्हा निघाल्या, सावकाश, प्रत्येक मजल्यावर श्वास घेत, कठड्याला टेकत. चौथा गेला. सहाव्यावर जरा जास्तच थांबल्या, आणि दारं उघडून उभे राहिलेले शेजारी श्वास रोखून बघत राहिले. बाकीची मंडळी मागोमाग होती आणि त्यांच्या पुढे मी असा ऐटीत चालत होतो, जणू त्यांना जन्मापासून मीच वाढवलंय. गच्चीच्या दारातून ताईंनी उन्हात पाऊल टाकलं, तरी सॅक पाठीवरच होती. वाळत घातलेल्या पापडांच्या मधोमध उभं राहून त्यांनी आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली.

"आता तुम्ही," त्या म्हणाल्या. "तुमच्या सॅकांची वजनं बदलली. जुना निकाल रद्द. खाली जाऊन परत या."

आम्ही गेलो. काय करणार? आणि चौथ्या मजल्यावर, स्वतःच्याच स्वेटरच्या भारानं वाकलेले दिघे कठड्याला लटकून म्हणाले, "या बाईला बरं करणारा डॉक्टर कोण आहे, तेवढं मला सांगा रे. बघतो त्याला."