सोवळ्यातला हात

मंडळातल्या बायांनो, आजचं आजच सांगते.

यांचं जहाज मुंबईला दुरुस्तीला थांबलंय, म्हणून हे सकाळी घरी आले. सोबत जहाजावरचा जोडीदार रामोन, फिलिपिन्सचा. बिचाऱ्यानं चार वर्षं घर पाहिलेलं नाही.

सासूबाई सोवळ्यात पूजेला निघाल्या होत्या. रामोननं वाकून त्यांचा हात धरला अन् स्वतःच्या कपाळाला लावला.

"शिवला की मेला," म्हणत त्या परत न्हाणीत गेल्या. रामोन ओसरीवर चोरासारखा उभा.

हे दाराबाहेरून म्हणाले, "आई, त्यांच्यात थोरल्यांच्या पाया असंच पडतात. त्याला त्याची आई आठवली असंल."

आत तांब्या थांबला. सासूबाई नेसून बाहेर आल्या आणि सोवळ्यातच रामोनपुढं हात केला. "घे बाबा. लेकराचा कसला विटाळ?"

ते बघून यांनीही आईचा हात कपाळाला लावायला हात पुढं केला.

"तू लांब हो. आधी आंघोळ करून ये."

आता सांगा बायांनो, पोटचा कोणता म्हणायचा?