बाहीपुरती आस्ता

आमच्या बेटावर, मार्स्टलच्या बंदरावर माझं लहानसं दुकान होतं. तंबाखू, सॉसेज, गोळ्या, आणि मागच्या फळीवर भाड्याच्या व्हिडिओ कॅसेट. शनिवारी दुपारी मी दुकान बंद करायला निघाले की एस्किल्ड दारात हजर. शिडाच्या काठीसारखा उंच, वाकून आत यायचा आणि दर वेळी तीच कॅसेट मागायचा.

"आज दुसरं काही ने की," मी म्हणायचे.

"दुसऱ्यात आस्ता आहे का?"

"यात तरी कुठे आहे?"

"आहे. बाहीपुरती आहे."

आस्ता त्याची बायको. तरुण होती तेव्हा आमच्या धक्क्यावर एका चित्रपटाचं शूटिंग झालं. दिवस एप्रिलचे, प्रसंग भर उन्हाळ्यातला. अख्खं गाव पातळ कपड्यांत कुडकुडत उभं केलेलं. आस्ता पांढऱ्या ब्लाउजमध्ये डाव्या टोकाला. एस्किल्ड नुकताच जहाजावरून सुट्टीवर आला होता. तो बघ्यांना अडवायला बांधलेल्या दोराच्या पलीकडे तिचा निळा कोट हातावर घेऊन उभा. ती सारखी तिकडेच बघायची. दिग्दर्शक ओरडून दमला, शेवटी त्याने नाद सोडला.

चित्रपट बेटावर लागला तेव्हा एस्किल्ड पार दक्षिण अमेरिकेत होता. परत आल्यावर त्याने विचारलं, "माझ्याकडे बघतेस ना त्यात?"

"तुझ्याकडे कशाला? मी कोटाकडे बघत होते. थंडी वाजत होती मला," ती म्हणाली. आस्ताची थट्टा आणि खरं एकाच चेहऱ्याने यायचं, त्यामुळे त्याला काही कळलं नाही. पुढे बघू म्हणता म्हणता थिएटर बंद पडलं. तो जहाजावरून कायमचा घरी आला आणि पुढच्याच हिवाळ्यात आस्ता गेली. आयुष्यभर हा समुद्रावर आणि ती घरी. आता एकत्र राहायचं तर ही तऱ्हा. मला अजून या गोष्टीचा राग येतो, कुणावर काढायचा ते मात्र कळत नाही.

घरात तिचे फोटो होते, पण सगळ्यांत ती दाढ दुखत असल्यासारखी उभी. म्हणून त्या चित्रपटाची कॅसेट माझ्याकडे आली तेव्हा त्याने तेवढ्यासाठी व्हिडिओ प्लेयर विकत घेतला. सोमवारी येऊन त्याने कॅसेट आपटली. "यातून आस्ता गेलीय."

चित्रपट रुंद, टीव्हीचा पडदा जवळजवळ चौकोनी. मावत नाही म्हणून कंपनीने दोन्ही कडा छाटलेल्या, हे मी त्याला समजावलं. त्याला पटेना. जहाजाच्या गोल खिडकीतून डावीकडचं बघायचं तर माणूस उजवीकडे सरकतो. यानेही खुर्ची टीव्हीच्या उजवीकडे ओढली आणि भिंतीला गाल लावून बघत बसला. गावात हसून हसून लोकांची पोटं दुखली. मीही हसले.

मग त्याने टीव्ही दुरुस्त करणाऱ्या पालेला बोलावलं. पाले म्हणाला, "जे कॅसेटमध्ये नाहीच ते मी कुठून आणू, बाबा?" तरी त्याने मागचा एक स्क्रू फिरवून चित्र थोडं आवळलं. काचेच्या कडेमागे दडलेली चिंचोळी पट्टी बाहेर आली, आणि तिच्यात एक पांढरी बाही. वाऱ्याने हलणारी.

त्या बाहीवर एस्किल्डने कितीतरी शनिवार काढले. जेवायला कुणी बोलावलं तर म्हणायचा, "आज जमणार नाही, घरी आस्ता आहे." लोकांनी बोलावणं हळूहळू सोडून दिलं.

पुढे कॅसेट गेल्या, डिस्क आल्या. तोच चित्रपट पूर्ण रुंदीत निघाल्याचं कळलं आणि मी तो मागवला. माझं यंत्र काखेत मारून त्याच्या घरी गेले. त्याने कॉफी ठेवली होती; तिसरा कपही मांडला होता. मी यंत्र टीव्हीला जोडलं.

चित्र सुरू झालं. वर-खाली काळे पट्टे.

"आता वरून-खालून कापलं वाटतं," तो म्हणाला.

"नाही रे, हे सगळं आहे. गप्प बघ."

धक्का आला, गर्दी आली, आणि डाव्या टोकाला आस्ता. बोटाच्या पेराएवढी. हात छातीशी आवळून कुडकुडत होती आणि चौकटीबाहेर कुणाकडे तरी बघत होती. एस्किल्ड पुढे वाकला, चष्मा पुसला, पुन्हा वाकला.

"डोळे दिसत नाहीत मला," तो म्हणाला. "फार लहान आलीय. पुन्हा लाव."

मी डिस्क मागे नेईपर्यंत तो उठून दाराकडे गेला आणि खुंटीवरचा निळा कोट घेऊन आला. टीव्हीच्या डाव्या अंगाला, पुस्तकांच्या कपाटाशी, कोट हातावर टाकून ताठ उभा राहिला.

"तिथून तुला काय दिसणार, एस्किल्ड?"

"मला नको दिसायला. तू सांग. कोटाकडे बघतेय का?"

आस्ता आली. मी चित्र थांबवलं आणि पडद्याला नाक लावून बघितलं. कोट त्याच्या कमरेशी लोंबत होता. आस्ताची मान वर होती. उंच माणसाच्या तोंडाकडे बघताना करावी लागते तेवढी वर.

"नाही," मी म्हणाले. "कोटाकडे नाही."

त्याने कोट दुसऱ्या हातावर घेतला. "थोडा वेळ थांबव तिला तशीच," तो म्हणाला, आणि तिथेच उभा राहिला.