सुमनकाकूंचा आग्रह

पंगतीत पानावर आडवा धरलेला हात सुमनकाकूंना दिसतच नसे. बोटांच्या फटीतून त्या जिलबी सोडायच्या आणि पुढच्या पानाकडे वळायच्या. छावणीतल्या आमच्या गल्लीत कुणाचंही कार्य असो, स्वयंपाक आचारी करी. आग्रह काकू करत.

मी लठ्ठपणाविरुद्ध पत्रकं वाटते. 'जबाबदार कोण?' हे माझं पहिलं. साखरेचं पाणी विकणाऱ्या कंपन्या, शाळेच्या फाटकासमोरची रंगीत पाकिटं, फुटपाथ गिळलेले रस्ते, खुर्चीला चिकटवून ठेवणारी ऑफिसं... एकालाही सोडलं नव्हतं. आजही त्यातला शब्द मागे घेत नाही. काकूंनी ते चष्मा लावून वाचलं, उलटून मागची बाजूही पाहिली.

"माझं नाव कुठंय?"

"तुमचं कशाला? दोष बाजाराचा आहे, काकू!"

"व्हय? आमच्या ह्यांचं पोट काय कंपनीनं वाढवलं? चाळीस वर्षं मी काय झोपले होते का गं?"

त्यांना खरोखर राग आला होता. त्यांचे यजमान, नाना, कॉटवर पडल्या पडल्या हसले आणि लगेच गुडघा धरून कळवळले. डॉक्टरांनी बजावलं होतं, दहा किलो उतरवा, मगच गुडघ्याचं ऑपरेशन. नानांना एकच हवं होतं: देवगाव रंगारीला आपल्या शेताच्या बांधावरून स्वतःच्या पायांनी फिरायचं.

मी आहाराचा तक्ता करून दिला. जेवणाला अर्धी भाकरी. महिन्यानं नानांचं वजन एका किलोनं वाढलं!

"तक्त्यात अर्धीच लिहिलीय ना?" काकू म्हणाल्या. "मी एका वेळी अर्धीच वाढते. चार वेळा."

मी कपाळावर हात मारला. नाना मात्र हळूच म्हणाले, "जाऊ दे सुमन, बांध ऱ्हाऊ दे. तू वाढ."

काकू भाकरीची टोपली आत घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर त्यांचा आवाज घुमत होता. "अहो, एक फेरी अजून! ही सूनबाईच्या नावाची. आता जावयाची. जावयाला नाय म्हणता? लई वाईट दिसंल ते!" काठी टेकत, धापा टाकत नाना चालत होते. आठवड्याभरात अर्धी गल्ली त्या तावडीत सापडली. मी मोजायला गेले होते. मलाच पाच फेऱ्या वाढल्या गेल्या.

सहा महिन्यांनी तपासणीला नानांचे नऊ किलो उतरले होते. "एक राहिला," डॉक्टर म्हणाले.

काकूंनी खुर्ची पुढे ओढली. "एका किलोनं काय होतंय, डॉक्टरसाहेब? नाय म्हणू नका. माझी शपथ हाय."

डॉक्टरांनी मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी, पत्रकवाली, म्हणाले, "घ्या हो, डॉक्टर!"

त्यांनी हसत हसत तारीख लिहून दिली.

आता दोघं देवगावलाच असतात. परवा दुपारी फोन केला, तर काकू माझ्यावरच डाफरल्या. "नाना व्हय? ते गेलेत बांधावर. भाकरी गार झाली, तीन हाका मारल्या, माणूस वळून बघंना!"