फलाट संपतो तिथला सांधा

माझ्या मायच्या डाव्या पायाला तीनच बोटं उरली होती. दोन बोटं आमच्या स्टेशनानं घेतली, आणि आज इतक्या वर्षांनी लिहायला बसले तरी माझ्या अंगाची लाही होते.

गोंदियाहून चांद्याकडे जाणाऱ्या छोट्या गाडीच्या रस्त्यावर आमचं स्टेशन. फलाट जेमतेम तीन डब्यांचा. मागचे डबे फलाटाबाहेर उभे राहत, आणि बायकांचा डबा नेमका सगळ्यात मागे. फलाट लांबवता येत नव्हता, कारण तो संपतो तिथंच मालधक्क्याकडे वेगळा रूळ फुटतो तो सांधा होता. मालधक्का मात्र हा एवढा लांब, दगडी, वर टिनाचं छप्पर. धानाची पोती ऐटीत चढत-उतरत. आम्ही बाया लुगडं खोचून रुळाकडेच्या खडीत, गिट्टीवर उड्या मारायचो.

सांधा बदलायचा खटकाही त्याच्याजवळ नव्हता. तो धक्क्याच्या पलीकडे, कचेरीजवळ बसवलेला. मास्तरला बसल्या जागेवरून सांधेवाल्याला हाक मारता यावी म्हणून! खटका ओढला की लांब लोखंडी कांब सरके आणि इकडे रुळाची निमुळती पात हले.

स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली होती. माझं लग्न झालं त्या साली दिवाळीला मला माहेरी आणायला माय स्वतः आली होती. मला भाऊ नव्हता. उन्हं तिरपी झाली तेव्हा आम्ही उतरलो. मी आधी. माय माझी पेटी घेऊन मागून. तिनं उडी घेतली, गिट्टी सरकली आणि तिचा पाय सांध्यात, रूळ आणि पात यांच्या फटीत गेला. डब्याची मागची चाकं सांध्याच्या पुढेच होती, फक्त शेपटाकडचा भाग तिच्या डोक्यावर होता; तो तसाच पुढे सरकला. मायनं अंग चोरून घेतलं. गाडी सांध्यापलीकडे जाऊन थांबली. आता सांधा बदलला की ती माल चढवायला मागे धक्क्यावर यायची होती.

"पाय निंगत नाई वो पोरी," माय म्हणाली. मी ओढू लागले, ओरडू लागले. तेवढ्यात पात हलली.

मायची किंकाळी मी अजून ऐकते. पण पात पूर्ण बसली नाही. अर्ध्यात थांबली आणि परत फिरली. सांधेवाल्याच्या हाताला खटका जड लागला होता. जोर न लावता त्यानं तो सोडून दिला आणि धक्क्यावरून उड्या टाकत धावत आला. मायचा पाय त्यानंच सोडवला, आपला फेटा फाडून बांधला, आणि पोरासारखा रडायला लागला. "माय, मले दिसलंच नाई."

पंधरा दिवसांनी ट्रॉलीवर बसून रेल्वेचे साहेब चौकशीला आले. आम्हांला बोलावणं आलं. मायला बैलबंडीत घालून नेलं. मास्तरनं लिहूनच ठेवलं होतं, की सांधेवाल्यानं न पाहता खटका ओढला. शाईची डबी पुढे सरकवून तो म्हणाला, "बाई, यहाँ अंगूठा लगा दो."

मायनं हात पदराखाली घेतला. "तो पाहील कसा? तिथून दिसते का? साहेब, तुमी जाऊन उभे राहा न तिथं."

"तुम चुप बैठो," मास्तर खेकसला.

"चूप कायले बसू? पाय माजा गेला."

साहेब काय वाटून उठले कोण जाणे. खटक्याजवळ जाऊन उभे राहिले. मी लंगडत्या मायला धरून त्यांच्या मागं गेले. समोर धक्क्यावर पोत्यांची थप्पी, छपराला टेकलेली. सांधा सोडा, त्याच्या वरचं आभाळही दिसेना. साहेबांनी मान उंच केली, मग वाकून पाहिलं. त्यांना कळलं होतं. चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं. चष्मा पुसत ते म्हणाले, "नकाशात जागा हीच आहे. त्यात माझं काही चालत नाही."

"मंग त्याच्यावर काऊन लिहून रायले?" मायनं विचारलं.

मायनं अंगठा दिला नाही. तरीही महिन्याभरात सांधेवाल्याला शिक्षा म्हणून दूर कुठंतरी पाठवलं. जाताना त्याची बायको आपल्या परसातले वाल मायच्या ओटीत टाकून गेली. ती आम्हांला एक शब्दही वावगा बोलली नाही, त्यानं मला जास्तच लाज वाटली.

मायला पुढं धानाच्या रोवणीच्या चिखलात उभं राहता येईना. बोटं नसली की पाय चिखलात रुतून धरत नाही. ती बांधावर बसून पऱ्ह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंड्या बांधायची. दोन वर्षांनी मालधक्का आणखी लांबवला. फलाट तेवढाच राहिला. सांध्याजवळ एक पाटी लागली, 'उतरताना सावध राहा'. मी एकदा ती मायला वाचून दाखवली. ती हसली. मला हसू आलं नाही. मी खाली वाकून गिट्टी उचलली आणि त्या पाटीवर हाणली. नव्या सांधेवाल्यानं पाहिलं आणि तोंड फिरवून घेतलं.