पावण्यांचं सरबत आणि युरियाचं पोतं

हसायचं असेल तर हसा, पण आधी नीट ऐकून घ्या. कारण यात सगळी चूक माझीच होती, हे मला अजूनही मान्य नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी मंगळवार पेठेतल्या एका शाळेत रसायनशास्त्राचा नवा मास्तर. धाकट्या बहिणीला, सुमनला, बघायला वारणानगरकडचे पावणे यायचे होते. ऐन मे महिना. फ्रिज तर आमच्या अख्ख्या गल्लीत नव्हता आणि नेमका बाजारातला बर्फ संपलेला. पावण्यांना कोमट सरबत कसं द्यायचं, म्हणून आई हवालदिल.

मग मी शिकलो होतो कशाला? युरिया पाण्यात विरघळताना भोवतालची उष्णता शोषून घेतो, पाणी गारेगार होतं. आठवड्यापूर्वीच वर्गात शिकवलं होतं. काकांच्या उसासाठी आणलेलं युरियाचं पोतं घरामागच्या परड्यात होतंच. मोठ्या पातेल्यात पाणी घेतलं, त्यात युरिया ओतला आणि मधोमध सरबताची झाकणाची बरणी ठेवली. थोड्या वेळात बरणीला घाम फुटला. आईसुद्धा खूश.

पावणे आले. सुमननं पेले दिले. मुलाचे वडील, फेटेवाले शेतकरी, घोट घेऊन म्हणाले, "लई गार हाय की. बर्फ कुठनं आणला?"

तुम्ही असता तर 'बाजारातनं' म्हणून मोकळे झाला असता. मी म्हणालो, "बर्फ न्हाई, युरियानं गार केलंय."

पेला ओठाशीच थांबला. "उसाला घालतो त्यो?"

"तोच."

मुलाच्या आईनं तोंडाला पदर लावला. मुलानं पेला खुर्चीखाली सरकवला. मी समजावलं, युरिया बाहेर, सरबत आत, फक्त उष्णता इकडची तिकडं जाते. जितकं समजावावं तितके ते घाबरत होते. मुलाच्या मामांनी डॉक्टर जवळ कुठं आहे, तेही विचारून घेतलं. मग मात्र माझं डोकं फिरलं. मुलगा दूध डेअरीत नोकरीला, दिवसभर दूध गार करणारा माणूस, आणि त्यालाही हे कळू नये?

तरातरा स्वयंपाकघरात गेलो, पेला बुडवला, सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि तोंडाला लावला.

पहिल्याच घोटाला कळलं. रागाच्या भरात पेला बरणीत नाही, बाहेरच्या पाण्यात बुडवला होता. कडू, खारट, आणि गार मात्र अगदी उत्तम. पण सगळे टक लावून बघत असताना थांबणार कसा? तळापर्यंत प्यायलो. "झालं का मला काही?" असं विचारता विचारताच परड्याकडं पळालो.

मुलाचे फेटेवाले वडील मागोमाग आले. माझी पाठ चोळली, परतताना स्वयंपाकघरातल्या पातेल्यात डोकावले, बरणीचं झाकण तसंच घट्ट लागलेलं बघितलं आणि बाहेर जाऊन म्हणाले, "सरबतात काय न्हाई. पोरगी पसंत हाय. मास्तरास्नी जरा लिंबू द्या."

लग्न ठरलं, थाटात झालंही. पण वरपक्षानं पिण्याचं पाणी गावाकडनं ट्रॅक्टरवर आणलं, आणि पिंपापाशी मुलाचे मामा उभे. मी, नवरीचा सख्खा भाऊ, तांब्या घेऊन गेलो तर म्हणाले,

"मास्तर, तुमी लांबच थांबा. पाणी आमी देतो."