मलब्याची खडी

ती घटना आठवली की आजही मला स्वतःचीच चीड येते. चिकलठाण्याला एका नव्या इमारतीचा दुसऱ्या मजल्यावरचा सज्जा सेंटरिंगच्या फळ्या-टेकू काढताना कोसळला आणि खाली उभा असलेला गवंडी जागीच गेला. मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. पंचनामा उरकून ठाण्यात येतो न येतो तोच खबऱ्याचा फोन आला.

"साहेब, काँक्रिटात नवी खडी नव्हतीच. पाडलेल्या घरांचा मलबा फोडून घातलाय. करमाडचा एक जण पुरवतो."

झालं, मला गुन्हेगार सापडला. मलबा घातलेलं बांधकाम पडणारच, हे सांगायला इंजिनिअर कशाला लागतो, असं मला वाटलं. त्या माणसाला दुपारी ठाण्यात आणलं आणि संध्याकाळी पत्रकारांपुढे बोलूनही टाकलं की निकृष्ट माल पुरवणारा ताब्यात आहे.

तो मेंढपाळ घरातला, चाळिशीचा. मेंढरं विकून त्याने खडी फोडायचं छोटं यंत्र घेतलं होतं. चौकशीत मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. तो एकच बोलत राहिला.

"साहेब, माल भिजवला व्हता का, ते इचारा."

"विषय बदलू नकोस."

"नाय बदलत. जुन्या खडीला जुनं सिमीट चिकटलेलं असतं, ती लई पाणी पिती. आदल्या दिशी भिजवून ठेवावी लागती. मी परत्येकाला सांगूनच माल देतो. डोंगर फोडत बसण्यापरीस हे बरं, म्हणून हा धंदा धरला."

आरोपी दुसऱ्याकडे बोट दाखवतोच, हा माझा अनुभव. जबाब लिहिणाऱ्या रायटरने पेन उचललं होतं, मीच हाताने नको म्हटलं. ते वाक्य जबाबात आलंच नाही.

काही दिवसांनी नमुने घ्यायला एक सरकारी इंजिनिअर आले. त्यांनी पहिल्या मजल्याचा स्लॅब ठोकून पाहिला आणि सहज म्हणाले, "हाही त्याच खडीचा आहे. ठणठणीत आहे की."

मग सज्ज्याचंच काय बिघडलं? करमाडच्या माणसाचं भिजवण्याचं बोलणं तेव्हा आठवलं आणि मी साइटच्या गेटवरच्या वॉचमनची वही मागवली. सज्जा ओतायच्या आदल्या दिवशी पाण्याचा टँकर आलाच नव्हता. तो आला थेट कामाच्या दिवशी. वही पुढे ठेवली तसं साइटच्या सुपरवायझरने कबूल केलं.

"खडी कोरडीच टाकली, साहेब. माल घट्ट झाला, पसरंना. मग पाइप धरला वरून. किती पाणी गेलं, कुणी बघितलं नाय."

प्रयोगशाळेच्या अहवालातही तेच निघालं: पाणी जास्त झाल्याने सज्ज्याचं काँक्रीट कच्चं राहिलं होतं. आरोपपत्र सुपरवायझर आणि ठेकेदारावर गेलं. करमाडच्या माणसाविरुद्ध पुरावा नाही, असा अहवाल मी कोर्टात दिला. ती बातमी छापायला कोणी आलं नाही, आणि मीही कोणाला बोलावलं नाही. याची मला सर्वांत जास्त लाज वाटते.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. वर्दीतल्या माणसाने चारचौघांत घेतलेलं नाव कोर्टाच्या कागदाने धुऊन निघत नाही. समोरचा आपल्या धंद्यातलं बारीकसारीक सांगत असेल तर ते आधी लिहून घ्यावं, खरं-खोटं मग ठरवावं.

निवृत्तीनंतर घर बांधायला काढलं तेव्हा मुद्दाम करमाडला गेलो. यंत्र केव्हाच भंगारात गेलं होतं. त्याची खडी पुन्हा कोणी घेतलीच नव्हती. तो दुसऱ्यांची मेंढरं राखत होता. त्याने मला ओळखलं, खाट टाकली, चहा सांगितला. मी त्याची माफी मागितली आणि म्हणालो, "माझ्या घराला तुझ्याच हातची खडी पाहिजे. यंत्र पुन्हा बसव, लागेल ती मदत मी करतो."

तो रागावला नाही. कप माझ्या हातात देत शांतपणे म्हणाला, "नवीच खडी घ्या, साहेब. उद्या भिंतीला चीर गेली तर तुमी पुन्यांदा माझ्याकडंच येताल."

घर बांधून झालं. खडी नवीच वापरली.