केळीच्या गाडीची सवय

मला गाडी येते, हे मी नरडाण्याला पहिल्याच दिवशी जरा जास्तच ठसक्यात सांगितलं. तिथल्या औद्योगिक वसाहतीपलीकडे एका हौशी माणसाने स्वतःच्या माळावर रेसिंगचा ट्रॅक बांधलाय. दर रविवारी तिथे शिकवायला येणारे नाना देवपूरचे, सगळा जन्म गॅरेजात गेलेला. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "चाल, दखूत." म्हणजे चल, बघू या.

माझी ऐट अगदीच पोकळ नव्हती. रावेरकडे आमच्या केळीच्या बागा. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला गाडी शिकवली ती घडांनी भरलेल्या पिकअपवर. तिच्या इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर, ट्रॅकवर शिकायला दिलेल्या या लाल स्पोर्ट्स कारचाही मागच्याच चाकांवर. मग यात नवीन ते काय शिकायचं?

पहिल्याच वळणावर गाडी भोवऱ्यासारखी फिरली आणि आलो त्या दिशेला तोंड करून थांबली. दुसऱ्या फेरीत तेच. तिसऱ्यांदा धूळ खाली बसल्यावर शेजारी बसलेले नाना शांतपणे म्हणाले, "गाडीनी काही चूक नही. बठ्ठी चूक तुना पायनी शे."

खरंच होतं ते. वळण आलं की माझा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून आपोआप उठत होता. ही आबांची शिकवण. वळणात पाय उचलायचा, नाहीतर घड एकमेकांवर आदळतात आणि केळीला मार लागतो. पिकअपच्या पाठीवर माल असायचा, त्यामुळे तिची मागची चाकं रस्ता धरून राहायची. ही गाडी हलकी. भर वळणात पाय उचलला की वजन पुढे जातं, मागची चाकं रस्ता सोडतात. वेग कमी करायचा तो वळणाआधी, आत शिरल्यावर पाय हलवायचा नाही, असं नानांनी बजावलं. मग अट घातली. सलग पाच फेऱ्या गाडी न फिरवता मारल्या, तर ते उतरणार आणि पुढची फेरी मी एकटी मारणार.

त्या 'एकटी'ने माझ्या डोक्यात घर केलं. वीस वर्षं गाडी चालवतेय, पण शेजारी कायम कुणीतरी. आधी आबा, मग भाऊ, मग नवरा. तिघेही बसल्या जागी नसलेला ब्रेक दाबणारे, "अगं हळू, हळू" करणारे. मला राग यायचा, आणि तो गिळून मी हळू करायचे. आता काहीही झालं तरी ती शेजारची जागा एकदा रिकामी बघायचीच, असं मी ठरवलं.

जळगावला घरी आल्यावर वजनकाटा भिंतीला तिरका टेकवला आणि समोर खुर्ची टाकून बसले. उजव्या पायाने दाबून काटा दहा किलोवर धरायचा आणि हातातलं जेवणाचं ताट स्टिअरिंगसारखं वळवायचं. ताट वळलं की काटा लगेच सहावर. रोज अर्धा तास हाच उद्योग. नवरा दारात उभा राहून म्हणायचा, "पोचलीस की सांग, ताट लागेल मला." तिसऱ्या आठवड्यात ताट पुरतं वळलं, काटा थरथरला, पण दहावरून उतरला नाही.

त्या रविवारी चार फेऱ्या नीट झाल्या. पाचवीत, निंबाजवळच्या वळणावर, गाडीची मागची बाजू बाहेर सरकायला लागली. पाय उठायला बघत होता, मी त्याला तिथेच दाबून धरला. नजर पुढच्या रस्त्यावर ठेवली आणि गाडी जिकडे घसरत होती तिकडे स्टिअरिंग थोडं वळवलं. गाडी एकदा हिसडली आणि सरळ झाली.

फेरी संपल्यावर नाना उतरले. आपला पट्टा मोकळा आपटू नये म्हणून त्यांनी तो रिकाम्या जागेवर लावून टाकला आणि दार लोटलं. "जाय," एवढंच म्हणाले.

मी निघाले. पहिलं वळण जवळ आलं तशी सवयीने डावीकडे बघितलं. कुणी नव्हतं. तरी आबांचा आवाज कानात आलाच, "पाय उचल पोरी, मागे माल आहे."

"आबा, आज गाडीत केळी नाहीत," मी मोठ्याने म्हणाले, आणि पाय होता तिथेच ठेवला.